बिबट्याच्या नावावर

डिंगोऱ्यात ख्रिस्ती घरं मोजून सात, पण प्रार्थना करावी तर शांतवननंच, यावर सातही घरांचं एकमत. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो नाहीतर विहिरीवर नवा पंप बसवायचा असो, शांतवन डोळे मिटायचा आणि गडी असा काही सुरू व्हायचा की चुलीवरचा चहा आटून जायचा. पापांची कबुलीसुद्धा झोकात. "हे दयाळू पित्या, कळत-नकळत आमच्या हातून जे काही घडलं असेल, त्याची क्षमा कर." झालं! सगळी पापं एका पोत्यात कोंबली, तोंड शिवलं, आमेन. पोत्यात काय काय आहे, ते यानं कधी सांगितलं नाही.

तर महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळी त्यानं अंगणातून पिकअप मागं घेतली. कानाला फोन, आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याशी हुज्जत चाललेली. मागं शेजारच्या चिमाबाईचा कुत्रा टिप्या ऊन खात पडला होता. एकदाच केकाटला बिचारा, आणि संपलं.

चिमाबाई त्या सात घरांतलीच, सत्तरीची, घरात एकटी. त्या वेळी ती बाजाराला गेली होती. शांतवननं घाईघाईनं टिप्याला बांधावर पुरलं. ती परत आली, "टिप्या, टिप्या" करत हिंडायला लागली, आणि या बहाद्दराच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मावशे, बिबट्यानं नेला. म्या पाह्यलं ना, उसात शिरताना!"

जुन्नर तालुक्यात बिबट्याचं नाव घेतल्यावर पुढं कोण विचारतंय? इथं कोंबडी हरवली तरी बिबट्याच. शांतवनला वाटलं, सुटलो.

पण चिमाबाईनं धसकाच घेतला. अंगणात यायची तर पातेल्यावर पळी बडवत. संध्याकाळच्या उपासनेला येणं बंद. शेळी भाचीला देऊन टाकली. आणि एक दिवस म्हणाली, "शांतवन, मला बोरीला लेकीकडं सोड बाबा. ह्या घरात आता माझा जीव लागत न्हाई."

चाळीस वर्षांचं घर ते, नवऱ्यानं आपल्या हातानं बांधलेलं. शांतवनला हे ठाऊक होतं. तरी तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं!

बुधवारी सकाळी पिकअप भरली. गादी, भांड्यांची गोणी, शिलाई मशीन. चिमाबाईनं दाराला कुलूप घातलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"निघायच्या आधी प्रार्थना कर. पुन्हा कवा ऐकायला मिळंल तुझ्या तोंडची?"

शांतवननं डोळे मिटले. "हे दयाळू पित्या," त्यानं नेहमीच्या चालीवर सुरुवात केली, "कळत-नकळत आमच्या हातून..."

आणि गाडी तिथंच अडली. चिमाबाई डोळे मिटून वाट बघत राहिली.

"नकळत न्हाई, देवा," तो म्हणाला. आवाज निराळाच निघाला, रोजचा, गोठ्यातला. "मला चांगलं ठाव हाय. टिप्या माझ्या गाडीखाली आला. फोनवर बोलत व्हतो, मागं बघितलंच न्हाई. ती चूक व्हती. पन मंग मावशीला खोटं बोललो, ते पाप. तिच्या शिव्यांचं भ्या वाटलं मला. ती म्हैनाभर भ्याली आन् म्या बघत बसलो. वर जेवताना तुझे आभार बी मानले. आता ती माझ्यापायी घर सोडून चाललीया. मला माफ कर. आनखी काय बोलू, मला येत न्हाई."

आमेन म्हणायचंही राहून गेलं. पण कसं मोकळं वाटलं त्याला! अशी प्रार्थना त्यानं जन्मात केली नव्हती. डोळे उघडायचा धीर मात्र होईना. शेवटी त्यानं एक डोळा किलकिला केला.

चिमाबाई त्याच्याकडंच बघत होती.

"मुडद्या! म्हैनाभर पातेलं बडवतीया मी! पोचे आल्यात त्याला!"

बोलता बोलता तिला रडू कोसळलं. टिप्याला कुठं पुरलं ते तिनं दाखवायला लावलं, बांधावर बराच वेळ बसली, पुन्हा रडली. मग नाक पुसून उठली.

"बिबट्या उसात असंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पन माझ्या दारात तर न्हाई ना आला? मंग कशाला जाऊ? उतरीव सामान."

शांतवननं शिलाई मशीन खांद्यावर घेतलं आणि आनंदानं धावतच दाराशी आला. चिमाबाईनं कुलूप काढलं, पण हात आडवा घातला.

"भाईरच थांब. मला आधी देवाशी बोलायचंय. म्हातारीला एक कुत्रं व्हतं, ते बी तुला बघवलं न्हाई का, म्हनून रोज भांडलीया त्याच्याशी. लई वाईट बोलली."

तिनं दार लोटून घेतलं. शांतवन मशीन खांद्यावर घेऊन उन्हात उभा राहिला. आतून तिचा आवाज आला.

"चुकलं माझं, देवा. उगी तुझ्यावर आळ घेतला. पन ह्या मुडद्यानं केलंय, येवढं तरी माझ्या कानात सांगायचं व्हतंस!"