वळणानंतरचा रुबाब

शिंपी म्हणून लोकांची पोटं मापण्यात हयात गेली. स्वतःच्या पोटाला टेप लावायची हिंमत साठी उलटल्यावर झाली. टेप अपुरी पडली. डॉक्टर म्हणाले, चाला. पायी चालणं मला शोभेना, म्हणून सायकल घेतली. "बैल गेला नि झोपा केला," बायको म्हणाली. पहिल्यांदा बसलो तेव्हा सीट कण्हली की मी, ते कळलंच नाही.

रोज संध्याकाळी चढावरच्या अक्काकडे जायचं, हा माझा व्यायाम. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तिनेच मागून सीट धरून, धावत धावत मला सायकल शिकवली. मी सारखा ओरडायचो, "अक्का, सोडू नकोस हं!" आता तिचे गुडघे गेलेत. दिवसभर बाल्कनीत बसलेली असते.

अर्ध्या चढातच माझ्या छातीचा भाता व्हायचा. मग उतरून सायकल वळणापर्यंत ढकलायची, घाम पुसायचा, पुन्हा बसायचं आणि उसन्या अवसानाने वळण घ्यायचं. बाल्कनी तिथूनच दिसते.

"शाब्बास रे ढोल्या!" अक्का वरून ओरडायची. मी निर्लज्जपणे हात हलवायचो.

मग कळलं, भाचा अक्काला कायमचं परगावी नेणार. पोटात खड्डाच पडला, आणि माझ्या पोटात तो बराच मोठा पडतो. तिची शाब्बासकी इतके दिवस फुकट खाल्ली होती. ती जाण्याआधी एकदा तरी कमवायची होती. जेवण निम्मं केलं. मोठ्या गिअरचा हट्ट सोडला.

"पहिला गिअर म्हणजे काय पहिली इयत्ता आहे, लाज वाटायला?" बायकोने झापलं.

अक्काच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी निघालो. एक आजोबा चालत मला मागे टाकून गेले, तरी उतरलो नाही. माझा नेहमीचा उतरायचा खांब मागे पडला. वळण आलं, दमही शिल्लक होता! ओरडणारच होतो, तेवढ्यात रस्त्याकडेच्या कठड्यावर अक्का बसलेली दिसली. जिना उतरून इथवर आली होती. मान खाली घालून गुडघा चोळत होती.

मी गुपचूप उतरलो.

"आलास ढकलत?" तिने वर पाहिलं. "रोज इथवर ढकलतोस, शेजारीण सांगते मला. म्हटलं, जाण्याआधी एकदा मागून धरावं."

मी मुद्दाम धापा टाकल्या. "बरं झालं आलीस. मला नाही जमत हा चढ."

तिने एका हातात काठी घेतली, दुसऱ्याने सीट धरली आणि सगळा भार सीटवरच टाकला. मी हळूहळू ढकलू लागलो.

"अक्का," मी म्हणालो, "सोडू नकोस हं."