खोटा पेशंट

गोवंडीच्या एका नर्सिंग होममध्ये जया वॉर्डात मावशी होती. अठरा वर्षं मावशी, म्हणजे अठरा वर्षं उभी. डॉक्टर म्हणाले होते, "हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आण, रिसेप्शनची खुर्ची तुझी." त्या खुर्चीपायी बाईंनी त्रेचाळिसाव्या वर्षी चेंबूरच्या एका करिअर कॉलेजात नाव घातलं. शेजारी बाकावर लेकीच्या वयाच्या पोरी आणि शिकवायला चोवीस वर्षांच्या निधी मॅडम. जया त्यांनाही 'बाळा' म्हणायची. शेवटी मॅडमनी तिच्या वहीत नियमच लिहून दिला: पेशंटला सर, नाहीतर मॅडम. बाळा नाही.

प्रॅक्टिकलला वर्गातच खोटं रिसेप्शन मांडलं होतं आणि खोटा पेशंट होता कॉलेजचा शिपाई शिवदास. सहा वर्षं दर परीक्षेला तोच आजारी पडायचा. कण्हण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज त्याच्या चिठ्ठीवर होतं: चंद्रप्रकाश, वय पस्तीस, पोटात दुखतंय. अकरा जणांनी या चंद्रप्रकाशला हसून 'गुड मॉर्निंग सर' केलं, फॉर्म भरला आणि सुटले.

मग जयाची पाळी. शिवदास कण्हत समोर बसला, पण जयाचं लक्ष त्याच्या चपलेवर. अठरा वर्षं लादी पुसलेल्या बाईची नजर आधी पायाकडेच जाते. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"पाय कधीपासून सुजलाय?"

"मॅडम, पोटात दुखतंय," शिवदास इमानानं म्हणाला.

"नाटक बंद कर रे. चहा बिनसाखरेचा पितोस, शुगर आहे ना तुला? दाखव पाय."

शिवदासनं चोरट्यासारखा पाय पुढे केला. अंगठा टम्म सुजला होता, कडेला काळसर. "आठ दिवस झाले," तो म्हणाला. "परीक्षा होती ना, म्हटलं नंतर बघू."

जयानं फॉर्मवर 'शिवदास' लिहिलं आणि उठली.

"जयाताई, टेबल सोडलं तर शून्य मार्क," निधी मॅडम म्हणाल्या. "आणि नाव चुकलंय."

"नाव बरोबर आहे. पेशंट तुमचा चुकलाय."

बोलली खरी, पण खुर्ची हातची जाताना तिला समोर दिसत होती. तरी तिनं शिवदासला धरून उठवलं. मॅडमनी त्याचा पाय पाहिला, पर्स उचलली आणि त्याही मागोमाग निघाल्या.

सरकारी इस्पितळात पोचल्यावर मॅडम तत्परतेनं एका ओळीत उभ्या राहिल्या. जया लांबून ओरडली, "बाळा, ती औषधांची ओळ! केसपेपर इकडे, खिडकी तीन!" आख्खी ओळ वळून बघायला लागली.

आठवड्यानं निकाल लागला. शिवदासचा अंगठा वाचला होता आणि जयाच्या गुणपत्रिकेवर 'परीक्षेचं ठिकाण' या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं: खिडकी क्रमांक तीन. पन्नासपैकी एकोणपन्नास.

"एक कुठे कापलात?" जयानं विचारलं.

"सगळ्यांसमोर बाळा म्हणालात ना," मॅडम म्हणाल्या आणि आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "बसा आता."