ऐकलेलं वाक्य

अंबरपेठच्या गल्लीत ऑटोतून उतरताना अनंतरावांना पुन्हा ते पत्र आठवलं. किशोरने ते पाठवून दोन वर्षं होत आली होती आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. मागणी साधीच होती: ‘ॲक्विझिशन’ या शब्दाची नोंद लिहून पाठव. अर्थ, मूळ, वापर. हैदराबादच्या मराठी मुलांसाठी किशोर इंग्रजी-मराठी कोश करत होता आणि मित्रांना एकेक शब्द वाटून देत होता.

अर्थ त्यांनी लगेच लिहिला होता: संपादन, प्राप्ती. मूळही सापडलं होतं. लॅटिनमध्ये ते ‘शोधणे’ या क्रियापदापाशी जात होतं. अडलं ते वापराशी. वाक्य मनाने रचायचं नाही, आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलंच हवं, असा किशोरचा नियम. अनंतराव निवृत्त शिक्षक, पुस्तकांतून क्वचितच बाहेर येणारे. ‘संपादन’ त्यांच्यासमोर कुणी बोलेना. सुनेची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली तेव्हा तीसुद्धा ‘ॲक्विझिशन झालं’ एवढंच म्हणाली. अर्धवट नोंद कशी पाठवायची, या संकोचात दिवस गेले. मग किशोरला पक्षाघात झाल्याचं कळलं. शब्द गेले होते.

दार मीनावहिनींनी उघडलं.

“भाऊजी! रस्ता चुकलात वाटतं?”

“येणारच होतो, वहिनी.”

“हौ, तुमचं ‘येणारच होतो’ मला माहीत आहे. बसा.”

किशोर खिडकीशी खुर्चीत होता. अनोळखी पाहुण्याकडे बघून हसावं तसा तो हसला.

“थेरपीची मुलगी येते ना, ती तेलुगू,” वहिनी ग्लास भरत म्हणाल्या. “ग्लास दाखवते आणि ‘नीळ्ळु’ म्हणा म्हणते. मी म्हटलं, बाई गं, ह्यांना आधी घरचं पाणी तर येऊ दे!”

त्यांनी ग्लास किशोरसमोर धरला. तो ग्लासकडे पाहत राहिला. ओठ हलले, थांबले. कपाळावर घाम आला. अनंतरावांनी नजर खाली वळवली.

“पा,” किशोर म्हणाला. आणि खूप वेळाने, “पाणी.”

वहिनींनी त्याला पाणी पाजलं, पदराने हनुवटी पुसली.

“आजची कमाई एवढीच, भाऊजी.”

“थोडी नाही ही.”

“टिकली तर. परवा माझं नाव आलं होतं. सकाळी बघते तर गेलेलं. रोज विचारते, मी कोण? ‘चहा’ म्हणतात.” त्या हसल्या आणि ग्लास विसळायला आत गेल्या. एका ग्लाससाठी नळ बराच वेळ चालू राहिला.

अनंतरावांनी खुर्ची पुढे ओढली. किशोरच्या हातावर हात ठेवला.

“वाक्य मिळत नव्हतं रे,” ते हळूच म्हणाले.

किशोरने त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिलं.

“चहा,” तो म्हणाला.

संध्याकाळी घरी, चिक्कडपल्लीला, त्यांनी एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. आधीची नोंद समोर ठेवली. ‘संपादन, प्राप्ती’ यांवर रेघ मारून पोस्टकार्डावर ‘कमाई’ लिहिलं. मूळ तसंच ठेवलं: शोधणे. वापर: ‘आजची कमाई एवढीच, भाऊजी.’ एरवी प्रत्येक शब्द तीन कोशांत पाहणाऱ्या अनंतरावांनी आज एकही कोश उघडला नाही.

किशोरच्या कोशात वाक्याखाली बोलणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती. पेन टेकवलं, पण ते थांबले. सुनेच्या टेबलावरून जाड मार्कर आणला आणि मुलांच्या अंकलिपीत असतात तशी मोठी अक्षरं एकेक करून काढली. ‘मीना’. उरलेलं अर्धं कार्ड त्यातच भरलं. सहीला जागा राहिली नाही.

शाई वाळेपर्यंत ते कार्ड हातात धरून उभे राहिले. मग उलटून पत्त्यावर किशोरचं नाव घातलं, चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत ते टाकून आले.