याकोब पेंटरची भिंत

शुक्रवारी सकाळी मिल्काने चर्चचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. अक्षरं पुन्हा वर आली होती.

काल संध्याकाळी वेदीमागच्या त्या भिंतीवर पहाटेचं आकाश होतं. तिनेच रंगवलेलं, मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून दिसतं तसं, राखाडी आणि कडेला जरा पिवळट. आकाशाखाली किनारा, किनाऱ्यावर विस्तव, विस्तवावर भाजायला ठेवलेले बांगडे, आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला हाक मारणारा प्रभू. शिष्यांचे चेहरे तिने धक्क्यावरच्या माणसांचे घेतले होते. त्यांतला पेत्र तर सरळसरळ होडी हाकणारा केरू तांडेल होता, नाकावरच्या चामखिळीसकट. आता त्या आकाशातून तपकिरी अक्षरांच्या दोन ओळी डोकावत होत्या. एकेचाळीस अक्षरं आणि शेवटी पूर्णविरामाची एक उभी रेघ. तीनदा पांढऱ्याचा हात देऊन झाला होता, पण दोन दिवस गेले की ती पुन्हा हजर.

ती अक्षरं तिच्या वडिलांची होती.

याकोब पेंटर म्हटलं की मिरकरवाड्यातलं शेंबडं पोरही घर दाखवील. चाळीस वर्षं त्यांनी होड्यांवर नावं लिहिली. पण होडीवरचं अक्षर एका हंगामाचं. पावसाळ्यात होडी वर ओढली की जुना रंग खरवडायचा आणि नव्याने लिहायचं, यात कुणाला वाईट वाटत नाही, याकोबनाही वाटलं नाही. पुढे छापील स्टिकर आले, मग हात कापू लागला, मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. याकोब पेंटरचं म्हणून दाखवावं असं गावात एकच काम उरलं, चर्चच्या भिंतीवरचं हे बायबलमधलं वचन.

ते लिहिलं तेव्हा मिल्का सात वर्षांची होती. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा आणि टणकन सोडून सरळ ओळ उमटवायची, हे तिचं काम. "अक्षर ओळीला टांगायचं गो, खाली उभं करायचं नाय," हा चित्रकलेतला तिचा पहिला धडा. शेवटची रेघ पप्पांनी तिला खांद्यावर बसवून तिच्याकडून काढून घेतली. ती तिरकी आली. चर्चच्या पंचांपैकी कुणी तरी सरळ करा म्हणालं, तर याकोब म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचा हात तसा पडला." तेव्हापासून दर रविवारी उपासना संपताना सगळी मंडळी उभी राहून ते वचन एकासुरात म्हणते, आणि याकोबांचा आवाज सगळ्यांच्या पाव पाऊल पुढे असतो.

आता चर्चला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून पंचांनी वचनाच्या जागी नवं चित्र काढायचं ठरवलं. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मिल्काला बोलावलं. तिला बडोद्याला चित्रकला पुढे शिकायला जायचं होतं. अर्जासोबत एखाद्या मोठ्या कामाचे फोटो मागितले होते, आणि पंधरा फुटी भिंत तिला रत्नागिरीत दुसरं कोण देणार होतं?

"याकोबभाऊंना विचारलंस ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हो. आनंदाने हो म्हणाले."

विचारलं नव्हतं. आनंदाने हा शब्द तर तिने स्वतःच्या पदरचा घातला होता. उद्या सांगू, म्हणत पंधरा दिवस गेले. पप्पांना समोरचं धुकंच दिसत होतं, तेवढा आधार तिला पुरला. याची तिला लाज वाटत होती, आणि तरी ती रोज सकाळी रंग कालवत होती.

गेल्या रविवारी अर्धं चित्र झाकायला भिंतीवर पांढरा पडदा होता. याकोब नेहमीसारखे पहिल्या बाकावर, शेजारी मिल्का. शेवटी ते उभे राहिले आणि त्या कोऱ्या पडद्याकडे तोंड करून, मान वर करून, खणखणीत आवाजात वचन वाचू लागले. हो, वाचूच लागले, पाठ असलं तरी ते नेहमी वाचत. मागची मंडळी एकमेकांकडे पाहत होती. बाहेर पाळकसाहेबांनी त्यांचे हात धरले. "याकोबभाऊ, तुमचं मन मोठं हो." याकोब म्हणाले, "देवाची कृपा." मिल्का चपला शोधायचं निमित्त करून तिथून सटकली. त्याच दिवशी भाकरी आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन होतं, आणि पोटात दुखतंय सांगून ती जागची उठलीच नव्हती. बापाशी असं वागून त्या प्याल्याला ओठ लावायची तिची हिंमत झाली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आई भाकऱ्या थापत होती. सगळं ठाऊक असलेली ती एकटीच.

"मंगळवारी त्यांचं ऑपरेशन," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डोळा उघडला की पहिलं काय बघायला जातील ता मी सांगायला नको. त्याच्या आत बोल गो बाय. माझ्याकडून ऐकलं तर जास्त लागेल त्यांना."

मिल्का ओसरीवर गेली. याकोब आरामखुर्चीत रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. ती बोलायलाच गेली होती, अगदी खरंच. पण तोंडातून भलतंच निघालं.

"पप्पा, जुना काळा रंग नव्या रंगातून वर येत असला तर काय करायचं?"

"कुठली भिंत?"

"एका दुकानाची. लांज्याला. मैत्रिणीचं काम आहे."

याकोबांनी रेडिओ बंद केला.

"सांग तिला, त्या काळ्यात डांबर असणार," ते म्हणाले. "होडीचं. खारी हवा खाऊ नये म्हणून घालतात काही जण. पांढऱ्याला ता ऐकायचं नाय, शंभर हात दिलेस तरी. चपडा लागेल, लाखेचा, स्पिरिटात विरघळवलेला. तो डांबर अडवतो."

"सांगते," ती म्हणाली. एका खोट्याला दुसरं जोडून ती आत आली.

शनिवारी दुपारी ती चित्रासमोर नुसतीच बसली होती. दाराशी रिक्षा थांबली. केरूच्या खांद्याला धरून याकोब आत आले. दुसऱ्या हातात चपड्याची काचेची बाटली होती, काखेत चार इंची ब्रश.

"लांज्याला जायचं म्हणत होते," केरू म्हणाला. "मग रिक्षावाल्याला म्हणाले, चर्चकडे वळव." त्याची नजर भिंतीवर गेली. "आयला, ह्यो मी काय?"

मिल्काला हसूही आलं नाही. "पप्पा, मी पाळकसाहेबांना खोटं सांगितलं. तुम्ही हो म्हणालात म्हणून."

"म्हाईत आहे."

"कधीपासून?"

"प्रभुभोजनाला बाकावरचा तुझा भार हलला नाय. तेव्हा म्हटलं, पोरीचं कायतरी मोठं चुकलंय. मग पाळकसाहेब माझं मन मोठं म्हणाले. आणि काल तू डांबर विचारलंस." ते चाचपत वेदीची पायरी चढले. "वचनात डांबर घालणारा रत्नागिरीत एकच गाढव होता."

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं मला."

"नायच म्हटलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही. "चार दिवस नाय म्हटलं असतं. जेवलो नसतो, तुझ्या आईवर ओरडलो असतो. मग हो म्हटलं असतं. ते चार दिवस माझे होते गो. ते तू घेतलेस."

मिल्का रडू लागली. केरूने चढायची घोडी आणून भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी लावते पप्पा. तुमचा हात..."

"चार इंची ब्रशाला हात स्थिर लागत नाय."

ते चढले. डाव्या हाताची बोटं भिंतीवरून फिरवत त्यांनी पहिलं अक्षर शोधलं. जाड रंगाचा उंचवटा अजून बोटाला लागत होता. चपड्याचा पिवळा हात त्यावरून गेला. मग दुसरं अक्षर, मग तिसरं. प्रत्येक अक्षर ते आधी चाचपत, तोंडातल्या तोंडात म्हणत, आणि मग झाकत. मध्येच एकदा म्हणाले, "ह्याचा काना बघ, काय झकास आलाय," आणि तोही झाकला. केरू खाली मान घालून घोडी धरून होता. स्पिरिटाच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं, म्हणून कुणाचे डोळे कशाने ओले झाले ते विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांची बोटं त्या तिरक्या रेघेवर आली. वरून खाली फिरली, पुन्हा वर गेली. ब्रश मात्र उचलला गेला नाही. ते सावकाश उतरले आणि ब्रश मिल्काच्या हातात दिला.

"एवढी तुझी."

केरूने त्यांना पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, रविवारी बसतात तसे, ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मिल्का घोडीवर चढली. चपडा ब्रशावरून मनगटाकडे ओघळत होता. सात वर्षांच्या हाताची ती रेघ तिच्या नाकासमोर होती.

"झालं काय गो?" खालून याकोबांनी विचारलं.

त्यांना दिसणार नव्हतं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही पप्पा. अजून नाही."

"सावकाश कर," ते म्हणाले. "मी बसलोय."