अर्ध्या इंचाची भानगड

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी भरल्या ताटात पडो!

आमच्या शेजारची वहिनी वेल्डर. घरामागच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून तिनं स्वतःच्या हातानं स्पोर्ट्‌स कार बांधली. इतकी बुटकी, की खालून जाताना मांजर पोट आत ओढून घ्यायचं. इंजिन मात्र तिच्या वडिलांच्या टॅक्सीचं. वडील गेले, टॅक्सी गंजून संपली, इंजिन तेवढं राहिलं. तसलं दुसरं आता दिवा घेऊन शोधलंत तरी सापडायचं नाही.

टॅक्सी उंच, ही बुटकी. इंजिनाखाली तेलाचं पातेलं असतं, संप म्हणतात त्याला, ते चार बोटं खाली लोंबायला लागलं. पहिल्याच गतिरोधकावर फाटलं असतं. मग वहिनीनं तळ कापून ते उथळ केलं, तेल तेवढंच मावावं म्हणून दोन्ही अंगांनी फुगवलं, आणि वळणावर तेल एका कडेला पळू नये म्हणून आत पत्र्याच्या आडभिंती घातल्या. राहिली तेल ओढणारी नळी. तीही तोकडी करायची होती. तिचं तोंड तळापासून करंगळीभर वर हवं. टेकलं तर तेल येत नाही, फार वर राहिलं तर वारा ओढतं.

माप घ्यायला वहिनीनं नणंदेला बोलावलं. सगळं घर त्यांना वन्संच म्हणायचं. वन्सं चाळीस वर्षं कपडे शिवत होत्या. माप घेतलं की शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. वन्संनी टेप लावली, चिठ्ठीवर ‘सव्वासात’ लिहिलं. वहिनीनं नळी कापून बसवली, पातेलं सील केलं, बावीस बोल्ट आवळले, तेल ओतलं, आणि किल्ली घेऊन गाडीत उतरली. एवढ्या बुटक्या गाडीत कुणी चढत नाही, उतरतात.

तेवढ्यात वन्संच्या डोक्यात किडा वळवळला. आपण त्यात अर्धा इंच धरला होता का?

आठवेना. सव्वासात हे नळीचं खरं माप, की पावणेसात आणि वर अर्धा? चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. आकडा कसला बोलतोय!

“तुमचं तोंड का असं पांढरं, वन्सं? मी इंजिन सुरू करतेय, तुमचं ऑपरेशन नाही.”

“कुठं काय! उकडतंय जरा.”

“मग स्वेटर कशाला घातलाय?”

वन्सं कसनुशा हसल्या. नळी तळाला टेकली असेल, तर तेलाचा थेंबही वर जायचा नाही, आणि दोन मिनिटांत इंजिन कायमचं जाम. तिच्या वडिलांची शेवटची खूण, आणि ती आपल्या हातानं जायची. सांगावं, तर वहिनीची जीभ तिच्या वेल्डिंगच्या ज्योतीपेक्षा गरम. धड बोलवेना, धड गप्प बसवेना.

“तेलाच्या दाबाचा काटा वर आला की झालं,” असं म्हणत वहिनीनं किल्ली खोचली.

“थांब!” सत्तरीच्या वन्सं बॉनेटवर आडव्या झाल्या. “अगं, मी मापात अर्धा इंच जास्त धरला असेल!”

“असेल म्हणजे?”

“आठवत नाही गं.”

वहिनी खो खो हसली. “हात्तिच्या! वीस वर्षं तुम्ही शिवलेले कपडे घालतेय, एकेकात दोघी मावतील. तुमची खोड मला ठाऊक नाही होय? मी नळी आधीच अर्धा इंच तोकडी कापलीय.”

वन्संचा जीव भांड्यात पडला. पण वहिनी किल्ली फिरवेना. तिचं हसू हळूहळू विरलं.

“वन्सं... आणि तुम्ही धरलाच नसेल तर?”

वहिनी गाडीतून वर आली. तेल काढलं. बावीस बोल्ट सोडले. एकेक बोल्ट निघताना वन्सं “देवा” म्हणत होत्या, वहिनी दुसरंच काहीतरी. नळीचं तोंड आणि पातेल्याचा तळ मापला. करंगळी मावली, तिच्यावर अंगठाही मावला.

इंजिनाच्या धाकानं वन्संनी जन्मात पहिल्यांदा नेमकं माप लिहिलं होतं.

“इथं काटा छान वर आला असता,” वहिनी हळूच म्हणाली. “सरळ रस्त्यावरही. मी खुशीत गाडी दामटली असती, आणि पहिल्या वळणावर तेल कडेला सरकून नळीनं वारा ओढला असता.” तिनं वन्संचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली, आणि अर्ध्या इंचाचा तुकडा नळीला परत जोडायला घेतला.

संध्याकाळी दोघी वळणावळणाच्या रस्त्यानं फिरून आल्या. काटा तसूभर हलला नाही. वन्सं सांगतात तसं. डोळे तर त्यांनी घट्ट मिटले होते.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. वहिनीनं माफीबिफी काही मागितली नव्हती. तेलकट टेप वन्संच्या हातात कोंबली आणि म्हणाली, “मापा. या खेपेला मी तुमच्या डोक्यावर उभी राहते.”