सावलीकडे वळलेली मान

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. माझी हकिगत ऐकून तुम्हाला माझा राग आला तरी चालेल. मला स्वतःलाही तो येतो.

एका कातार्‍याने मला घडवलं. लाकूड फिरवून गोल कातलं, पोटात बारीक खडे भरले, अंगावर लाखेचे लाल-पिवळे पट्टे चढवले. मला वाटलं होतं, आपण एखाद्या पाळण्यात जाऊन पडणार. पण मला विकत घेतलं ते बाळांना लस टोचणार्‍या दवाखान्यातल्या सिस्टरांनी. खेळायला नव्हे, कान तपासायला.

आईच्या मांडीवर बाळ असायचं. सिस्टर त्याच्या मागच्या बाजूला उभ्या राहायच्या आणि मला एका कानाजवळ हलवायच्या. बाळ चोखणं थांबवायचं, डोळे मोठे करायचं आणि मान वळवायचं. मग दुसरा कान. सिस्टर हसून वहीत खूण करायच्या आणि आईला चार गोष्टी सांगायच्या, "बाळाशी बोलत जा गं. अंघोळ घालताना बोल, कपडे वाळत घालताना बोल. ते 'आं' म्हणालं की तूही 'आं' म्हण आणि मग थांब. आता बोलायची पाळी त्याची असते."

अशी हजारो बाळं माझ्या आवाजाला वळली. "सिस्टरांच्या खुळखुळ्याला बहिरा दगडही वळेल," असं दारातला शिपाई म्हणायचा. सगळे हसायचे. मीही आतल्या आत फुगायचो. एवढी स्तुती पचवायला अंगात अक्कल लागते. माझ्या पोटात तर नुसते खडे होते.

एके दिवशी पत्र्याच्या पेट्या बनवणार्‍या कारागिराची बायको नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. सोबत सासूबाई होत्या. त्यांचं घर कारखान्याच्या अगदी डोक्यावर. खाली दिवसभर हातोडे पत्र्यावर पडत आणि वर ही मुलगी ढाराढूर झोपे. दचकणं नाही, किरकिर नाही. म्हणून घरात तिचं नावच गुणी पडलं होतं.

आई हळूच म्हणाली, "सिस्टर, काल हिच्या उशाशी पातेलं पडलं. हिने डोळासुद्धा उघडला नाही. आधी खूप बा-बा-बा करायची, हल्ली तेही कमी झालंय."

"अगं, बापाच्या हातोडीवरच वाढलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "सवय झालीय तिला. आणि हिचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता. आता बघ, गप्प बसतो का!"

बाहेर चाळीस बाळं रांगेत होती. निम्मी रडत होती. सिस्टरांनी मला उचललं आणि वाजवलं. गुणी वळली नाही. दुसर्‍या बाजूने वाजवलं. नाही वळली. आईच्या चेहर्‍यावरचा रंग उडाला.

सिस्टर खिडकीच्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी मला जोरात हलवलं. खिडकीतून ऊन येत होतं. माझी आणि त्यांच्या हाताची सावली गुणीच्या दुपट्यावर नाचली. गुणीने झटकन मान वळवून वर पाहिलं आणि ती हसली.

"बघ, वळली की नाही?" सिस्टर म्हणाल्या. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

मित्रांनो, ती माझ्या आवाजाला वळली नव्हती. ती सावलीला वळली होती. हे मला ठाऊक होतं आणि मी लाकडाचा होतो. एखाद्याची खोटी समजूत काढली की 'त्याच्या हाती खुळखुळा दिला' असं मोठी माणसं म्हणतात. त्या दिवशी त्या आईला तोच दिला गेला.

गुणी दीड वर्षाची झाली तेव्हा आई पुन्हा आली. "एकही शब्द नाही हो," ती म्हणाली. सिस्टरांनी वही उघडली. "ऐकू तर येतंय तिला. इथे लिहिलंय. मुलं आपापल्या वेळेने बोलतात." सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांचा स्वतःच्या अक्षरावर विश्वास होता, एवढंच. सोबत आलेल्या सासूबाई तर सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सूनबाईला काळजी करायचा छंदच आहे."  त्यानंतर दोन वर्षं आईने हा विषय काढला नाही.

मग एके सकाळी दवाखान्यात कानाची तपासणी करणारी एक तरुण डॉक्टर पेटीएवढं यंत्र घेऊन आली. गुणी तेव्हा साडेतीन वर्षांची होती; आई तिला घेऊन आली. तिच्या कानांत यंत्राच्या वायरींची मऊ बोंडं घातली, बराच वेळ यंत्रावरच्या रेघा पाहिल्या आणि डॉक्टर म्हणाली, "दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नाही. बहुधा जन्मापासूनच. इतका उशीर का केलात?"

आई रडली नाही. ती सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, नऊ महिन्यांच्या पानावर काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

सिस्टरांनी पान काढलं.  "आवाजाला प्रतिसाद, आहे," त्यांनी वाचलं.

"सगळे तिला गुणी म्हणतात," आई म्हणाली. "आपल्याला कुणी काही म्हणतं, हेच तिला माहीत नाही. साडेतीन वर्षांची झाली आणि आपल्याला नाव आहे हे तिला ठाऊक नाही."



गुणीला कानाची यंत्रं मिळाली. ती खास शाळेत जाऊ लागली. तिथल्या बाईंनी तिला ओठ वाचायला आणि हातांनी बोलायला शिकवलं. ती शिकतेय, पण चढण फार उभी आहे. तिच्या वयाची मुलं आईला दिवसभराच्या तक्रारी सांगतात, तेव्हा ती 'पाणी' आणि 'दे' जोडायला धडपडते. बाई म्हणाल्या, "पहिली वर्षं मिळाली असती तर किती सोपं गेलं असतं." बरोबर बोलल्या. पण ते ऐकून कुणाला बरं वाटणार?

सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि त्या गुणीच्या घरी गेल्या. दारातच म्हणाल्या, "माझी चूक झाली."

"मला नका सांगू," आई म्हणाली. "ती बसलीय बघा तिथे. तिच्याशी बोला."

सिस्टर गुणीसमोर जमिनीवर बसल्या. गुणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात हलवून काहीतरी विचारलं. सिस्टरांना कळलं नाही. गुणीने सावकाश पुन्हा विचारलं. तिसर्‍यांदाही विचारलं. बाळांशी कसं बोलावं हे जन्मभर सांगणार्‍या त्या बाईंना एका मुलीला एक उत्तर देता येईना. शेवटी गुणीने हात खाली घेतले आणि ती उठून आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर त्याच्याशी रोज बोला आणि त्याला उत्तर द्यायला सवड द्या. हाक मारूनही ते वळत नसेल, त्याची बडबड आटत चालली असेल, तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, "बोलेल की, घाई काय आहे?" तेव्हा गप्प बसू नका. पुन्हा सांगा. यंत्राने कान तपासून घेईपर्यंत सांगत राहा. हट्टी म्हणाले तर म्हणू देत. गुणीची आई शहाणी ठरली, पण तिला कुणी हट्टी होऊ दिलं नाही.