समईतला वास

पाचोऱ्याच्या बाजारपटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मानमोडीच्या तापाच्या साथीनं घरोघरची माणसं नेली होती, आणि निरंजनबुवा गेलेल्यांना समईच्या ज्योतीत बोलावून आणतात, अशी बोलवा पसरली होती.

शाळामास्तर तोताराम आईच्या आग्रहानं आला होता. त्या साथीत बायको कमल गेल्यापासून त्याला देवापुढे हात जोडता येत नव्हते. आई, भिकुबाई, पूजेला बसली की तो दारातून पाहत राही. तिला जे मिळतं ते आपल्यालाही मिळावं, असं त्याला फार वाटे. जमत मात्र नसे.

"जाय रे, दख तरी," म्हणत भिकुबाईनं त्याला पुढे ढकललं. "मनी सून गयी, महाराज. हाऊ तिना नवरा."

"तेल संपलंय? संपू द्या," बुवा समईकडे बघत गरजले. "श्रद्धेला पाणीसुद्धा पुरतं." त्यांनी मिणमिणत्या समईत पळीभर पाणी ओतलं. ज्योत विझली नाही, उलट भसकन मोठी झाली. "बघ, तुझी मंडळी आली."

तोतारामचे डोळे भरले. हात आपोआप जुळले. "आलीस?" असं पुटपुटत तो समईपाशी वाकला, आणि लसणीसारखा उग्र वास त्याच्या नाकात शिरला.

सायकलच्या दिव्यात कारबाइडवर पाणी ठिबकलं की हाच वास येई. तोच दिवा लावून तो कमलसाठी डॉक्टर आणायला धावला होता.

तो सावकाश उठला. "बुवा, आमच्या घरची समई आणतो. तिच्यात घाला पाणी."

"अश्रद्धाच्या घरची समई बाटलेली असते."

तोतारामनं वात फुंकली आणि बुवांची समई ताटात उपडी केली. राखाडी खडे पडले, ओले, फसफसणारे. त्यानं पेटती काडी जवळ नेताच त्यांच्यावर ज्वाळा उठली. ना वात, ना मंत्र.

"हे कारबाइड," तो लोकांना म्हणाला. "पाणी लागलं की यातून वायू निघतो, तो जळतो. सायकलच्या दुकानात मिळतं."

भिकुबाईनं त्याची बाही धरली. "मंग कमल उनी नव्हती?"

"नव्हती, माय."

तिनं त्याची बाही सोडली. बुवा गर्दीतून वाट काढू लागले. त्यांच्याकडे न बघता तोताराम बोलला, "ती यावी असं मलाही वाटत होतं, म्हणून तर मी हात जोडले. देव मानायचा तर माना. मला अजून जमलेलं नाही. पण समई उलटी करून पाहिल्याशिवाय कुणाच्या पाया पडू नका."